तिसरा खांदा

सुमिएबाईंना जिवंतपणी दोनच खांदे होते. तिसरा त्यांना मेल्यावर फुटला, आणि तोही कंपनीच्या चुकीमुळं.

झालं ते असं. आमच्याकडं माणूस गेला की डॉक्टर जिना उतरायच्या आत अंत्यविधीवाल्या कंपनीचा माणूस काळा सूट घालून हजर होतो, कमरेत वाकून दुःख व्यक्त करतो आणि पुढच्याच वाक्यात फोटो मागतो. चेहरा निदान दहा येनच्या नाण्याएवढा हवा, डोळे उघडे हवेत आणि संध्याकाळच्या आत हवा. सुमिएबाईंचे यजमान तोकुजी कानबारा तेव्हा पंच्याहत्तर वर्षांचे होते. कुराहामा नगरपालिकेत त्यांची चाळीस वर्षं गेली होती, त्यातली बहुतेक जमीनमोजणी खात्यात, आणि घरचे फोटोही त्यांनी वर्षवार लावून ठेवले होते. त्यांनी सात अल्बम आणून त्या माणसापुढं रचले. सातही अल्बमांत सुमिएबाई होत्या, पण नाण्याएवढ्या कुठंच नव्हत्या. तोकुजीरावांना फोटोत देऊळ छपरासकट लागे आणि पूल दोन्ही टोकांसकट लागे. त्यामुळं बायको दर वेळी तांदळाच्या दाण्याएवढी येई. जिथं मोठी आली होती तिथं तिचे डोळे मिटलेले होते, नाहीतर तिच्या तोंडात घास होता.

शेवटी सुमिएबाईंच्या थोरल्या बहिणीनं, कियोनोताईंनी, चष्मा कपाळावर चढवून एक फोटो काढून दिला. मोहल्ल्याच्या मंडळाची गरम पाण्याच्या झऱ्यांवर सहल गेली होती, तिथला. बाकावर नवरा-बायको बसलेले, सुमिएबाई कशाला तरी हसतायत आणि त्यांचं डोकं कललेलं, नवऱ्याच्या खांद्यावर टेकलेलं. फोटो काढणारे गृहस्थ पुढं वारले आणि त्यांच्या मुलानं घर रिकामं करताना कॅमेऱ्यासकट सगळं भंगारात दिलं, तेव्हा मूळ प्रत अशी ही एकच होती.

कंपनीनं त्यातून सुमिएबाईंना कापून काढलं. मागचा बाक आणि डोंगर पुसून फिकट आकाशी रंग भरला, अंगावरचा स्वेटर जाऊन काळा किमोनो आला. हे सगळ्यांच्याच बाबतीत करतात. पण संगणकापुढं जो कोणी बसला होता त्याला तोकुजीरावांच्या गडद निळ्या कोटाचा खांदा बाईंचाच वाटला, आणि त्यानं तोही नीट किमोनोत गुंडाळला. तासाभरात चौकट तयार झाली. काळी फीत लावलेल्या त्या चौकटीत सुमिएबाई हसत होत्या, आणि त्यांच्या गालाखाली एक खांदा जास्तीचा होता.

ज्याला ठाऊक नाही त्याला तो दिसत नसे. किमोनोचा घोळ वाटे. तोकुजीरावांना मात्र फोटोत दुसरं काही दिसेनासं झालं. देव्हाऱ्याच्या खोलीत वरच्या पट्टीवर तो फोटो टांगला, तेव्हापासून रोज सकाळी भाताची वाटी ठेवून हात जोडताना त्यांची नजर स्वतःच्याच खांद्याशी जाऊन थांबे. आपण आपल्यालाच हात जोडतोय की काय, असं वाटून त्यांना ओशाळल्यासारखं होई.

तरी ते गप्प बसले असते. पण ऑगस्टात ओबोनला, पितर घरी येतात त्या दिवसांत, कियोनोताई आल्या. त्यांनी उदबत्ती लावली, फोटोकडं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, “तोकुजीराव, तुम्ही अजून तिथंच का? आता तरी तिला एकटीला बसू द्या जरा.”

आमच्याकडं निवृत्त झालेल्या नवऱ्याला ओलं पान म्हणतात. कितीही झाडा, चिकटून बसतं. तोकुजीराव निवृत्तीनंतर पंधरा वर्षं सुमिएबाईंच्या मागं मागं बाजारात, दवाखान्यात, एवढंच काय, बायकांच्या फुलं मांडण्याच्या वर्गाच्या दारापर्यंत गेले होते. कियोनोताईंनी हे ओलं पान त्यांना तेव्हाही ऐकवलं होतं. तेव्हा लागलं नव्हतं, कारण सुमिएबाई मागून म्हणाल्या होत्या, असू दे गं. आता मागून कोणी काही म्हणालं नाही. तोकुजीरावांच्या मनाला ते फार लागलं. नोव्हेंबरात वर्षश्राद्ध होतं, कियोनोताई पुन्हा येणार होत्या. त्याआधी आपण त्या फोटोतून बाहेर पडायचं, असं त्यांनी ठरवलं. काम दोन बोटं रुंदीचं होतं. मोजणी खात्यातल्या माणसाला दोन बोटांचं ते काय, अशी त्यांची समजूत होती.

पहिली चूक त्यांनी ही केली की न्हाव्याला विचारलं. न्हावी म्हणाला, चौकटीची काळी फीत रुंद लावा, खांदा तिच्याखाली जाईल. दारूच्या दुकानातला म्हातारा म्हणाला, फोटो बारा वर्षं उन्हात ठेवा, आपोआप सगळं फिकं होतं. शेजारच्या नागात्सुकाबाई म्हणाल्या, समोर फुलदाणी ठेवा. नागात्सुकाबाई मोठ्या मनाच्या आहेत, सल्ला देऊन थांबत नाहीत. त्या स्वतः शेवंतीचा गुच्छ घेऊन आल्या, फोटो खाली उतरवून देव्हाऱ्याजवळ ठेवला आणि पुढं फुलदाणी मांडली. खांदा झाकला गेला, पण त्याबरोबर हनुवटीही गेली. सुमिएबाई झुडपातून शेजाऱ्यांच्या घरात डोकावताहेत, असा एकूण देखावा झाला. नागात्सुकाबाई म्हणाल्या, आता कशा प्रसन्न वाटतात. तोकुजीरावांनी त्यांचे आभार मानले आणि त्या गेल्यावर फुलदाणी मोरीत नेऊन ठेवली.

मग ते स्टेशनसमोरच्या होशिदे स्टुडिओत गेले. होशिदे ऐंशीच्या घरातले, गावातल्या तीन पिढ्यांचे शाळेचे, लग्नाचे आणि मरणाचे फोटो त्यांच्या हातचे. त्यांनी टेबलाखालून पुठ्ठ्याचे दोन काटकोन काढले. हे दोन काटकोन एकमेकांवर सरकवून ते फोटोवर लहानमोठी खिडकी करत आणि माणूस कुठं कापायचा ते ठरवत. तोकुजीरावांनी आणलेल्या मोठ्या फोटोवर त्यांनी खिडकी डावीकडं सरकवली, उजवीकडं सरकवली, वर घेतली. खांदा जाई तेव्हा बाईंचा कान जाई. कान वाचवावा तर खांदा परत येई.

होशिदे हे बोलायला लागले की थांबत नाहीत, ही गावात सर्वांची तक्रार आहे. ते म्हणाले, माणूस कापायचा तर सांध्यावर कापू नये, मनगटावर, कोपरावर, गुडघ्यावर नाही, त्यानं माणूस लुळा दिसतो. डोक्यावर थोडं आकाश सोडावं, पण फार सोडू नये, नाहीतर माणूस विहिरीत उभा वाटतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, माणूस जिकडं बघत असेल किंवा जिकडं कलला असेल तिकडं जागा जास्त ठेवावी.

“कशासाठी?” तोकुजीरावांनी विचारलं.

“ते कापणाऱ्यानं विचारायचं नसतं,” होशिदे म्हणाले. “तिकडं काहीतरी असतंच. नसतं तर माणूस कशाला कलेल?”

तोकुजीरावांना हे पाल्हाळ वाटलं. होशिदे म्हणाले, या मोठ्या फोटोतून काही निघायचं नाही, मूळ छोटा फोटो घेऊन या, आणि तीन दिवस विचार करून या. तीन दिवस कशाला हवेत ते तोकुजीरावांना कळेना. अशी कामं त्यांच्या खात्यात एका दुपारात होत.

त्याच दुपारी त्यांनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर मूळ फोटो ठेवला, पोलादी पट्टी घेतली आणि कटर घेतला. हेतू चांगला होता. होशिदेंच्या हाती आयती सुटी बायको द्यायची, म्हणजे चूक व्हायला नको आणि व्याख्यान ऐकायला नको. त्यांनी दोन चेहऱ्यांच्या मधोमध पट्टी धरली आणि एका दमात वरपासून खालपर्यंत कापलं. रेघ अशी आली की खात्यातल्या लोकांना बोलावून दाखवावी. आता डावीकडं सुमिएबाई होत्या आणि उजवीकडं तोकुजीराव. सरळ रेघेला केसांचं वळण कळत नाही, त्यामुळं सुमिएबाईंच्या केसांची एक बट उजव्या तुकड्यावर राहिली, तोकुजीरावांच्या खांद्यावर. ती त्यांना दिसली. तिथं ते थोडा वेळ थांबले. पण कापून झालं होतं.

डावा तुकडा पाकिटात घालून ठेवला. उजव्याचं काय करायचं, हा प्रश्न होता. आमच्या मोहल्ल्यात कचऱ्याचे नऊ प्रकार आहेत, आणि जळणाऱ्या कचऱ्यात कोटिंगचा कागद चालतो की नाही यावर मंडळाच्या दोन बैठका झालेल्या आहेत. तोकुजीरावांनी पत्रक काढून पाहिलं. फोटो जळणाऱ्यात मोडत होता. मंगळवारी सकाळी त्यांनी तो पारदर्शक पिशवीत टाकला, नियमाप्रमाणं पिशवीवर नाव लिहिलं आणि कोपऱ्यावरच्या जाळीखाली नेऊन ठेवली.

त्या महिन्यात जाळीची पाळी नागात्सुकाबाईंची होती. कावळ्यांनी पिशव्या फोडू नयेत म्हणून त्या जाळी सारखी करायला गेल्या, आणि पहिल्याच पिशवीतून कानबारासाहेबांनी त्यांच्याकडं पाहिलं. बटाट्याच्या सालांमध्ये चेहरा, गालाजवळून सरळ कापलेला, पिशवीच्या आतल्या बाजूला चिकटलेला आणि किंचित हसरा. वर त्यांच्याच हस्ताक्षरात त्यांचं नाव.

नागात्सुकाबाईंनी जे केलं ते कोणीही शहाण्या शेजारणीनं केलं असतं. एकटा राहणारा, वर्षापूर्वी बायको गेलेला म्हातारा स्वतःचा चेहरा कापून कचऱ्यात टाकतो, याचा अर्थ त्यांनी टीव्हीवर अनेकदा ऐकला होता. त्यांनी पिशवी सोडली, तुकडा पुसून घेतला आणि मोहल्ल्याचे समाजसेवक इनोकुमा यांना फोन केला.

इनोकुमा निवृत्त शाळामास्तर. नगरपालिकेनं त्यांना अशा एकट्या माणसांची विचारपूस करायला नेमलं आहे, आणि गेल्या वर्षी त्यांच्या हद्दीत एक म्हातारी मेल्यावर नऊ दिवसांनी सापडली होती, तेव्हापासून ते झोपेतही विचारपूस करतात. ते तासाभरात आले. सोबत चार पानांचा फॉर्म होता. तुकडा त्यांनी टेबलावर ठेवला आणि हलक्या आवाजात विचारलं, “कानबारासाहेब, हा तुम्हीच कापलात?”

“हो. मीच कापला. रेघ बघा ना.”

“आणि स्वतःलाच टाकून दिलंत?”

“मग काय करणार? मी तिथं नको होतो.”

इनोकुमांनी हे जसंच्या तसं लिहून घेतलं.

“नको होतो, असं कधीपासून वाटतंय?”

“ऑगस्टपासून. म्हणजे होतो मी आधीपासूनच, पण मेव्हणी बोलली तेव्हा लक्षात आलं. वर्षश्राद्धाच्या आत बाहेर पडायचं ठरवलंय.”

इनोकुमांचं पेन थांबलं. त्यांनी स्वयंपाकघराकडं पाहिलं, मग तुळईकडं पाहिलं, मग तोकुजीरावांना विचारलं की झोप लागते का. तोकुजीरावांनी आतून मोठा फोटो आणला, तिसरा खांदा दाखवला, कंपनीची चूक सांगितली. इनोकुमांनी फोटो निरखून पाहिला. त्यांना तिसरा खांदा दिसेना. त्यांनी फॉर्मात आणखी एक ओळ लिहिली.

त्या दिवसापासून तोकुजीरावांच्या इभ्रतीची जी वाट लागली ती विचारू नका. रोज सकाळी आठ वाजता नगरपालिकेतून फोन येई आणि एक बाई गोड आवाजात आज कसं वाटतंय ते विचारी. सोमवारी आणि शुक्रवारी मऊ भाताचा डबा येऊ लागला, दात सगळे शाबूत असताना. गुरुवारी त्यांना समाजमंदिरात नेऊन खुर्चीवर बसून करायच्या व्यायामाला लावण्यात आलं, जिथं त्यांच्या उजवीकडं त्यांचा जुना शिपाई बसत असे. न्हाव्यानं दाढी करताना वस्तरा आरशामागं ठेवायला सुरुवात केली. दारूच्या दुकानातल्या म्हाताऱ्यानं एकदम सांगितलं की उन्हात ठेवण्याचं मी फोटोबद्दल बोललो होतो, तुमच्याबद्दल नाही. तोकुजीरावांनी एकेकाला समजावून पाहिलं, पण अशा बाबतीत माणूस जितकं समजावतो तितका लोकांचा संशय पक्का होतो. शेवटी त्यांनी समजावणं सोडलं आणि मऊ भात खाल्ला. तो खाताना एकदा त्यांच्या मनात आलं की वर्षभरात कोणी आपल्याला रोज कसं आहे म्हणून विचारलं नव्हतं. हे त्यांना आवडलं नाही, म्हणून त्यांनी डबा अर्धा ठेवला.

इकडं होशिदेंनी पाकीट उघडलं आणि तुकड्याच्या सरळ कडेवरून अंगठा फिरवला. मग त्यांनी विचारलं, दुसरा तुकडा? तोकुजीराव म्हणाले, तो नकोय. होशिदेंनी काटकोन टेबलाखाली ठेवून दिले, आता त्यांचं काही काम नव्हतं. त्यांनी संगणकावर गेलेली बट परत काढली, दुसरा खांदा शिवला, आकाशी रंग भरला. मान तेवढी कललेली राहिली. ती सरळ करून देऊ का, असं त्यांनी विचारलं. तोकुजीराव म्हणाले, तिच्या चेहऱ्याला हात लावायचा नाही.

जुना फोटो कचऱ्यात टाकण्याचा प्रश्नच नव्हता, एकदा हात पोळले होते. तो त्यांनी रीतसर देवळात नेऊन दिला आणि भटजींनी मंत्र म्हणून अग्नीत सोडला. अंत्यविधीवाल्या कंपनीकडची प्रत सहा महिने भरताच नियमाप्रमाणं पुसली गेली होती. तोकुजीराव आता फोटोतून पुरते बाहेर पडले होते. नवा फोटो वरच्या पट्टीवर टांगून ते मागं सरले. सुमिएबाईंना दोनच खांदे होते आणि त्या एकट्या बसल्या होत्या. सगळं बिनचूक होतं. तरी कुठंतरी बारीक खटकत होतं, पण कियोनोताईंना बोट ठेवायला जागा उरली नाही, याचं त्यांना समाधान वाटलं.

वर्षश्राद्धाच्या रविवारी सगळ्यात आधी नागात्सुकाबाई आल्या. त्यांनी हात जोडले, वर पाहिलं आणि म्हणाल्या, फोटो जरा तिरका झालाय. स्टुलावर चढून त्यांनी चौकट उजवीकडून किंचित उचलली. तोकुजीराव म्हणाले की चौकट सरळच आहे, पाणसळ लावून टांगली आहे. नागात्सुकाबाईंनी त्यांच्याकडं कळवळून पाहिलं.

त्या चहा ओतायला गेल्या तेव्हा तोकुजीरावांनी चौकट पूर्ववत केली. मग इनोकुमा आले, निमंत्रण नसताना, कर्तव्य म्हणून. त्यांनी नमस्कार केला, मान वाकडी करून पाहिलं आणि बोटानं चौकट उचलली. मग भटजी आले. भटजींनी घंटा वाजवायच्या आधी वर नजर टाकली, उठले, चौकट उचलली आणि बसून मंत्र सुरू केले. भटजींपुढं काय बोलणार? अर्धा तास मंत्र चालले आणि अर्धा तास सुमिएबाई वाकड्या चौकटीत सरळ चेहऱ्यानं बसून होत्या. तोकुजीरावांना त्या कोणातरी दुसऱ्याच घरच्या वाटल्या.

मंत्र संपल्यावर तोकुजीराव उठून स्टुलावर चढले आणि चौकट पुन्हा सरळ केली. आता मात्र कियोनोताई बोलल्या. इतका वेळ त्या मागं गुडघे दुमडून बसल्या होत्या.

“ही अशी कशावर कललीय?”

“कशावर नाही,” तोकुजीराव म्हणाले. “फोटोच तसा आहे.”

“तुम्ही कुठं गेलात?”

“मी मला काढून टाकलं. तुम्हीच म्हणालात ना ताई, तिला एकटीला बसू द्या.”

कियोनोताईंनी हातातली कपबशी खाली ठेवली.

“सात अल्बमांतून तो फोटो मी का काढला होता, ठाऊक आहे तुम्हाला? आई गेली तेव्हा सुमिए अकरा वर्षांची. तेव्हापासून ती कुणावर टेकलेली मी पाहिली नाही. जेवायची ती उभ्यानं, रडायची ती उभ्यानं. साठ वर्षांत एकाच फोटोत तिनं कुठंतरी भार टाकला होता. आणि तुम्ही तेवढंच कापलंत.”

“मग ऑगस्टात तसं का बोललात?”

“जळले म्हणून बोलले,” कियोनोताई म्हणाल्या. “माझ्या फोटोत दोनच खांदे निघणार आहेत. तिला मेल्यावरही तिसरा होता. मला ते बघवलं नाही.”

इनोकुमांनी आयुष्यात पहिल्यांदाच वही न काढता मान खाली घातली. तोकुजीरावांना वर बघवेना. वर्षभर ज्या दोन बोटांची त्यांना लाज वाटत होती, त्याच दोन बोटांवर सुमिएनं आपलं डोकं ठेवलं होतं, आणि ती आता आकाशी रंगावर डोकं ठेवून हसत होती. बायकोला आपल्यापासून सोडवायचं म्हणून त्यांनी तिला खाली पाडलं होतं. ते कियोनोताईंसमोर, शेजाऱ्यांसमोर, भटजींसमोर रडले, आणि त्याची त्यांना मागाहूनही लाज वाटली नाही.

“तो तुकडा आहे,” इनोकुमा सावकाश म्हणाले. “मी फेकला नाही. फॉर्मला जोडला.”

सोमवारी सकाळी नगरपालिका उघडली तेव्हा तोकुजीराव दारात उभे होते. तिसऱ्या मजल्यावर वृद्धकल्याण विभागातल्या बाईंनी फाईल काढली. फॉर्मच्या चौथ्या पानाला टाचणीनं ते स्वतः जोडलेले होते, हसरे, आणि त्यांच्या खांद्यावर केसांची बट होती. तोकुजीरावांनी हात पुढं केला. बाईंनी फाईल अदबीनं मागं घेतली. प्रकरणाला जोडलेला कागद मूळ स्वरूपात पाच वर्षं जतन करावा लागतो, असा नियम होता. तोकुजीरावांना तो नियम सांगायची गरज नव्हती. निवृत्तीआधी तीन वर्षं ते दप्तरखात्याचे प्रमुख होते आणि त्या परिपत्रकावर त्यांचीच सही होती. जोडकागद कोणाच्याही रडण्याभेकण्यानं परत देऊ नयेत, असा त्यातल्या एका कलमाचा सारांश होता, आणि ते कलम त्यांनी हट्टानं घालून घेतलं होतं.

बाई कनवाळू होत्या. नक्कल देता येईल म्हणाल्या आणि मशीनवर काढून आणली. नकलेत निळा कोट आणि मागची झाडी मिळून एकच काळा डाग झाला होता. त्यात खांदा कुठला ते कळत नव्हतं.

“पाच वर्षांनी मिळेल ना पण?” तोकुजीरावांनी विचारलं.

“मिळेल की. मालकानं स्वतः हजर राहून अर्ज करायचा. ओळखपत्र लागेल.”

“मालक नसला तर?”

“मग नष्ट करतात, साहेब.”

तोकुजीराव शहात्तर वर्षांचे होते. आपण फार तर आणखी दोनेक वर्षं काढू, असा त्यांचा अंदाज होता, आणि त्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. उलट एवढ्या हिशेबानंच ते सकाळी उठत होते. हे इनोकुमांना त्यांनी सांगितलं नव्हतं, कारण विचारलेल्या प्रश्नांत तो प्रश्न नव्हता. आता ते जमण्यासारखं नव्हतं. त्यांनी बाईंकडून तारीख लिहून घेतली, घरी येऊन दारामागच्या कॅलेंडरच्या कोऱ्या मागच्या बाजूला मोठ्या आकड्यांत मांडली आणि त्या दिवशी आलेला मऊ भात पूर्ण खाल्ला.

मग ते देव्हाऱ्याच्या खोलीत गेले. त्यांच्या काळजीनं येऊन गेलेल्या नागात्सुकाबाईंनी जाताना चौकट पुन्हा उचलून ठेवली होती. तोकुजीरावांनी स्टूल घेतलं, पाणसळ लावली आणि चौकट सरळ केली. सुमिएबाईंची मान पुन्हा कलली, रिकाम्या बाजूला.

“पाच वर्षं लागतायत,” ते म्हणाले. “तेवढी मान धर.”